पत्र्याची शाळा आणि संगमरवरी पाटी

माणसाने पैसे मागायला कधी बाहेर पडू नये, असं माझी आई म्हणायची. मी म्हणतो, आयुष्यात एकदा तरी पडावं. आपल्या बाकावर बसून आपल्याच डब्यातलं थालीपीठ खाल्लेल्या माणसांचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या कशाने कळत नाही. आमच्या अंधेरीच्या शाळेच्या इमारतीसाठी मी आणि वागळे दोन वर्षं दारोदार हिंडलो. इमारत झाली. पण अजूनही आम्ही दोघं भेटलो की इमारत राहते बाजूला, माणसांचा विषय निघतो आणि वागळेचा आवाज चढतो. माझाही चढतो. तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, त्या सुमाराची गोष्ट. आमची शाळा म्हणजे म्हशींच्या तबेल्याशेजारी पत्र्याची शेड. पाऊस लागला की पत्र्यांवर असा ताशा वाजायचा की आगाशे मास्तर भूमिती अक्षरशः ओरडून शिकवायचे. वर्षानुवर्षं ओरडून त्यांचा घसा कायमचा बसला होता. ते आता रिटायर व्हायला आले होते. वागळे मला म्हणाला, "अरे, मास्तरांनी एक तरी तास पक्क्या छपराखाली घेतला पाहिजे. न ओरडता." आम्हाला एवढंच हवं होतं. ते मागितलं आणि आमची वाट लागली.

* * *

पहिली सभा शेडमध्येच भरली. माजी विद्यार्थी भरपूर आले. कोटवाले, टायवाले, एक तर चक्क मोटारीतून. आम्ही हरखलो. मग पदाधिकारी निवडायची वेळ आली. अध्यक्षपदासाठी एकाच वर्गातले दोघं भांडायला लागले. शाळेत पहिल्या नंबरासाठी भांडायचे तेच. शेवटी तोडगा निघाला की अध्यक्ष सध्या कोणीच नाही, बाकी इच्छुक असतील ते सगळे उपाध्यक्ष.

सगळेच इच्छुक निघाले. चिटणीस व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण चिटणिसाला काम असतं. ते वागळेच्या गळ्यात पडलं. सभा संपल्यावर सगळे उपाध्यक्ष चहा पिऊन गेले आणि सतरंज्या झटकून गुंडाळायला आम्ही दोघं राहिलो. तिसरं टोक धरायला आगाशे मास्तर आले. आम्ही नको नको म्हणत होतो.

* * *

आमच्या वर्गातला एकजण मोठा डॉक्टर झाला होता. जुहूला बंगला, स्टेशनजवळ दवाखाना. आम्ही गेलो तर कंपाउंडर म्हणाला, "बाहेर बसा. नंबर येईल." बसलो. सर्दीवाले, खोकलेवाले सगळे आत जाऊन आले. मग आमचा नंबर.

वागळेने शाळेचा विषय काढला. डॉक्टर म्हणाला, "शाळेने मला काय दिलं रे? आगाशे मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं, ते अजून आठवतंय." वागळे म्हणाला, "उशिरा यायचास म्हणून." मग डॉक्टर म्हणाला, "तुझा घसा बसलेला दिसतो. आ कर." वागळेने सवयीने आ केला. डॉक्टरने बॅटरी मारून आत पाहिलं आणि गुळण्या करायला सांगितलं.

आम्ही रिकाम्या हाताने बाहेर आलो, तर कंपाउंडरने फी मागितली. आणि वागळेने दिली! मी आजतागायत त्याला त्याबद्दल माफ केलेलं नाही. तो म्हणतो, "अरे, त्याने घसा तर बघितला ना."

* * *

माजी विद्यार्थ्यांतल्याच घाटकोपरच्या दिघ्याची इमारती लाकडाची वखार होती. तो म्हणाला, "रोख मागू नका. दारं माझ्याकडून. सागवानी." आम्हाला आनंद झाला. दारं आली, खरंच सागवानी आणि भक्कम. फक्त ती कुठल्याशा पाडलेल्या थिएटरची होती आणि प्रत्येकावर लाल ठसठशीत अक्षरांत 'बाहेर' लिहिलेलं होतं. रंग असा चिवट की रॉकेलने घासलं, पॉलिश पेपर मारला, तरी 'बाहेर' तसंच.

मी दिघ्याला जाब विचारला. तो म्हणाला, "फुकटच्या दाराची अक्षरं वाचायची नसतात." दिघे उपाध्यक्ष होता.

* * *

मग मदतीसाठी नाटक केलं. नट आमचेच, कचेऱ्यांमधले. हॉल भरला, पण कसा? पुढच्या सगळ्या रांगा पासवाल्यांच्या. उपाध्यक्ष, त्यांच्या बायका, मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी. तिकीट काढून आलेली माणसं मागे. एक फुकट आलेले गृहस्थ मला म्हणाले, "पंखा जवळ नाही. व्यवस्था काही ठीक नाही तुमची." मी त्यांना काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही.

मध्यंतरात मी मागे गेलो तर शेवटच्या रांगेमागे जमिनीवर आगाशे मास्तर बसलेले, हातात तिकीट. त्यांना पास द्यायचं कोणाला सुचलंच नव्हतं. कोणाला म्हणजे आम्हालाही. मी पुढे चला म्हणालो, तर म्हणाले, "इथून बरं दिसतं." त्यांच्यापुढे खांब होता.

* * *

शेवटी वागळेला युक्ती सुचली. देणगीदारांची नावं संगमरवरी पाटीवर कोरायची. झालं. शाळेने काय दिलं म्हणणारे धावत आले. सगळ्यात आधी डॉक्टर. त्याने सगळ्यात मोठी देणगी दिली आणि सगळ्यात वरची ओळ मागितली. एकाला बी.ए., एल्एल.बी. पूर्ण कोरून हवं होतं. एकाला आपलं नाव मेहुण्याच्या वर हवं होतं, आणि मेहुणाही आमचाच माजी विद्यार्थी. त्या दोघांनी आम्हाला महिनाभर झुलवलं. नवे वर्ग किती, त्यांत उजेड कुठून येणार, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

पाटी वाढता वाढता दाराएवढी झाली. वागळे म्हणाला, "व्हरांड्यात लावू." उपाध्यक्ष खवळले. "तिथे कोण बघतंय? आत लावा, वर्गात."

* * *

या सगळ्यांत एक परब होता. दहिसरला राहायचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. त्याने न मागता पैसे आणून दिले आणि वागळेला बजावलं, "माजा नाव घालू नको हां. बायल चार वर्सां शिवणाची मशीन मागता. पाटयेर नाव दिसला तर माका घरात घेवची नाय."

वागळेने शब्द दिला. उपाध्यक्षांनी तो मोडला. म्हणे, नाव न कोरता पैसे घेणं नियमात बसत नाही! देणगीदाराचं नाव पाटीवर, हा नियम वागळेनेच केलेला. परबचं नाव सगळ्यात खालच्या ओळीत कोरलं गेलं.

उद्घाटनाला परब सहकुटुंब आला. त्याची बायको नवी इमारत बघायला हौसेने आत गेली आणि बाहेर आली ती पदर खोचूनच. "मशीनीक पैशे नाय म्हणान सांगलंस, आणि हय दगडार नाव कोरून घेतलंस?" परबने माझ्याकडे पाहिलं, मी वागळेकडे. व्यासपीठावर तेव्हा निःस्वार्थ त्यागावर भाषण चालू होतं. व्यासपीठावर सगळे उपाध्यक्ष होते. आगाशे मास्तरांना खुर्ची उरली नव्हती.

* * *

उद्घाटन रविवारी झालं आणि सोमवारी मास्तरांचा शाळेतला शेवटचा दिवस. मी आणि वागळेने कचेरीतून रजा काढली आणि नव्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. दोन वर्षं हिंडलो ते या एका तासासाठी.

घंटा झाली. मास्तर दारापाशी आले. दारावरचं 'बाहेर' वाचलं, म्हणाले, "बरोबर आहे," आणि आत आले. पोरं उभी राहिली, बसली. मास्तरांनी खडू घेतला आणि वळले.

समोर फळा नव्हता. गवंड्याने भिंतीत फळ्यासाठी चौकोन सोडला होता आणि त्या चौकोनात संगमरवरी पाटी सिमेंटने चपखल बसवलेली होती. जुना फळा पत्र्यांबरोबर भंगारात गेला होता. मांडव, हार, पाहुण्यांचा चहा या गडबडीत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझे कान तापले. वागळेने तर मान खालीच घातली.

मास्तरांनी पाटी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली. मग खडूने तिच्यावर एक रेघ ओढली. पांढऱ्यावर पांढरी.

"वागळे, दिसतंय का?"

वागळे उभा राहिला. "नाही, मास्तर."

"मग व्हरांड्यात शेगडी आहे. कोळसा आण."

वागळे धावत गेला आणि कोळसा घेऊन आला. मास्तरांनी पाटीवर त्रिकोण काढला. शिरोबिंदू डॉक्टरच्या नावावर. एक बाजू दिघ्यावरून खाली आली, दुसरी एल्एल.बी. आणि मेहुण्यावरून. पाया परबच्या ओळीवरून गेला. तो मास्तरांनी दोनदा गिरवला, तिसऱ्यांदा गिरवला, नाव पुरतं दिसेनासं होईपर्यंत.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज," ते म्हणाले. ओरडले नाहीत. इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, आणि शेवटच्या बाकावर आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. वागळे चष्मा पुसायला लागला.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. डॉक्टर आला होता. गिरगावची पाहुणेमंडळी बरोबर होती, त्यांना नाव दाखवायचं होतं. तो दारात आला आणि पाटीकडे बघत तिथेच थबकला.

मास्तर आकृतीला अक्षरं देत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कोण आहे?"

"मी, मास्तर."

"घंटा कधीच झाली. बाहेर उभा राहा."

डॉक्टर बाहेर उभा राहिला.