कुंदावहिनींचा संशय

कुंदावहिनी कुणाच्या घरी गेल्या की आधी त्याच्या हातांकडे बघायच्या. ‘कसे आहात’ हे नंतर. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या घरात त्यांची चाहूल लागली की मी हात मांडीखाली घालून, शाळेतल्या उनाड मुलासारखा बसत असे. नात्याने त्या माझ्या चुलतभावाची बायको. राहायला शहाडला, नोकरी ठाण्याच्या एका रुग्णालयात सिस्टर म्हणून. आणि ‘बरा आहे’ या उत्तरावर काडीचाही विश्वास नाही.

“भाऊजी, माणूस तोंडाने बरा असतो,” त्या म्हणत. “बाकीच्या अंगाला विचारायचं राहून जातं.”

वहिनी आता नाहीत, म्हणून हे बिनधास्त लिहितो: त्यांचा संशय दोन्ही बाजूंनी चाले. लोक ‘हार्ट’ म्हणून धावाधाव करत तिथे त्यांना भीतीचा वास येई. आणि ‘काही नाही, टेन्शन आहे’ म्हणून एखाद्या बाईला घरी धाडलं की यांना झोप लागत नसे. मानपाड्याच्या आमच्या मावशीची धडधड सगळ्यांनी सुनेच्या खात्यात टाकली होती. वहिनींनी भांडून रक्त तपासायला लावलं. थायरॉइड निघाला. सून सुटली.

मग माझी पाळी आली. माझ्या मुलीचं, ऋजुताचं लग्न ठरलं. कार्यालय नाशिकला, म्हणजे वाटेत कसारा घाट. व्याह्यांकडे जायला निघालो आणि खडवली फाट्याच्या पुढे माझ्या छातीत घोडे उधळले. बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, आता संपलोच अशी खात्री. गाडी वळवून थेट डॉक्टरांकडे. ईसीजी स्वच्छ. पुढच्या खेपेलाही तेच, आणि ईसीजी पुन्हा स्वच्छ. माझी खात्री झाली की माझ्या नावावर दुसऱ्याच कुणाचा तरी धडधाकट कागद येतोय. बायको आणि डॉक्टर दाराआड कुजबुजले की मी मनात माझा हार घातलेला फोटो बघून घेई. फोटो निदान बरा लावावा, एवढीच इच्छा.

घरात आता सगळेच एकमेकांवर पाळत ठेवून होते. ऋजुता माझ्याशी तुटक बोलू लागली. नाशिकहून फोन यायचे, “वडिलांना हार्टचा त्रास आहे का हो?” बायको, माधुरी, मला दटावायची, “हार्ट म्हणा हवं तर. डोक्याचं आहे असं चुकूनही म्हणू नका, लग्न मोडेल.”

साखरपुडा आमच्याच घरी झाला. पेढे खाता खाता विहीणबाई म्हणाल्या, “रविवारी कार्यालय बघायला या ना.” आणि मला आलाच तो झटका. पाहुण्यांचा नुसता गराडा पडला. एकाने वारा घातला, एकाने पाय वर धरले, एका काकांनी आपला मेहुणा असाच बसल्या बसल्या गेल्याची हकीकत सुरू केली. “शांत हो, शांत हो” असं सगळे ओरडत होते.

वहिनींनी खोली रिकामी केली. काकांना तर दंडाला धरून. मग खाली फरशीवर माझ्यासमोर बसल्या. “भाऊजी, मी इथेच आहे.” थोड्या वेळाने, “पाय जमिनीला टेकवा.” मग, “श्वास सोडा. हळू.” प्रत्येक वाक्य पोस्टकार्डाएवढं. भीतीची लाट चढली, थांबली, उतरली. वहिनी हलल्या नाहीत.

दारात ऋजुता उभी होती. डोळे लाल. “बाबा, तुम्हाला निखिल पसंत नाही ना? लग्नाचं नाव काढलं की छातीत दुखतं. सरळ सांगा, मी नाही करणार हे लग्न.”

वहिनीच म्हणाल्या, “त्यांना जावई पसंत आहे गं. घाट पसंत नाही.” मग विहीणबाईंनाही आत बोलावलं. माधुरी डोळ्यांनी ‘हार्ट, हार्ट’ म्हणत होती.

“थोडी भीती बरी असते,” वहिनी म्हणाल्या. “त्यात माणूस चार गोष्टी शिकतो. वाढली की एका वेळी एकच गोष्ट डोक्यात शिरते. आणखी वाढली की छोटं वाक्य, तेही परत परत सांगायचं. आणि आत्ता भाऊजी जिथे होते तिथे अक्कल शिकवायची नसते. फक्त सोडून जायचं नसतं.”

विहीणबाईंनी पदराने नाक पुसलं. “आमच्या यांना लिफ्ट चालत नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या. “आम्ही गुडघे सांगतो.”

तरी वहिनींनी मला आधी हृदयाच्या डॉक्टरांकडेच नेलं. “आधी छाती, मग मन. उलटं केलं तर एखादा खरंच जायचा.” तिथे सगळं ठीक निघाल्यावर ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे. गोळ्या लागल्या, बोलणं झालं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रस्त्याचा सराव. कधी पडघ्यापर्यंत, कधी फाट्यापर्यंत, मग घाटाच्या तोंडापर्यंत. वहिनी शेजारी बसून शेंगा खात. मी “हे हार्टच असेल तर?” म्हटलं की म्हणत, “असू दे संशय. गाडी चालू ठेवा.”

लग्नाच्या आदल्या दिवशी घाट चढलो. भीती होतीच, मागच्या सीटवर बसल्यासारखी. पण वळलो नाही. कन्यादान मीच केलं.

पाठवणीच्या वेळी मात्र खुर्चीत बसलो आणि अंग गदगदू लागलं, श्वास अडकायला लागला. माधुरी पर्समध्ये गोळी शोधू लागली, पाहुण्यांचा गराडा पुन्हा पडला. वहिनी वाट काढत आल्या, माझ्यासमोर वाकल्या.

“धडधडतंय?”

“नाही.”

“मरतोय असं वाटतंय?”

“नाही हो वहिनी. ऋजू चालली.”

त्यांनी क्षणभर संशयाने मला न्याहाळलं. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, “व्हा बाजूला. यांना काही झालेलं नाही. यांच्या पोरीचं लग्न झालंय.”