अनंता गायचा, मी नाचायचो

आमची बटालियन तेव्हा उत्तरेला, बर्फाच्या भागात होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मला बी कंपनीत रेडिओ सेटवर घेतलं होतं. नव्या माणसाला पहिला प्रश्न गावाचा असतो. मी डोंबिवली म्हणालो. कोपऱ्यात रायफल पुसत बसलेल्या जवानाने मान वर न करता सांगितलं, “मी आंबिवलीचा. कल्यानला गाडी बदलली का झाला.”

हा अनंता. तोही सेट ऑपरेटर. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहणं, मग सेट चेक, मग बर्फ उपसणं. दिवसभरात कामापुरतं बोलायचा, पण गुणगुणणं चालूच. सेटवरही गुणगुणायचा आणि सुभेदारसाहेबांच्या शिव्या खायचा.

पोस्टवर चढण्याआधी खाली बेसवर बडा खाना असतो. साहेब लोक जवानांना वाढतात आणि जवान काहीतरी करून दाखवतात. मला एकच गोष्ट येत होती. अमेरिकेतला तो रॉक अँड रोल गाणारा, पांढरे चकचकीत कपडे, उभी कॉलर आणि कंबर हलवायची ती तऱ्हा. कॉलेजात असताना मित्राकडे व्हीसीआरवर बघून मी त्याची हुबेहूब नक्कल बसवली होती. घरचे वैतागायचे. कंपनीच्या टेलरने दोन चादरी फाडून ड्रेस शिवला, कॉलरमध्ये पुठ्ठा घातला. कल्ले ठेवायला परवानगी नाही, म्हणून ते बूटपॉलिशने काढले. ऐन वेळी थंडीने टेपरेकॉर्डरची बॅटरी बसली.

अनंता म्हणाला, “मी गातो. तू नाच.”

त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सेट चेकच्या वेळी माझ्या तोंडून ऐकलेली चाल त्याने उचलली होती. शब्द त्याचे स्वतःचे, सूर मात्र पक्का. तो पडद्यामागे, मी पुढे. साहेब लोक खुर्च्यांवर उभे राहिले. त्यानंतर प्रत्येक बड्या खान्याला आमची जोडी ठरलेली. शिट्ट्या मला मिळायच्या. त्याचं त्याला काही नव्हतं. एवढा चांगला आवाज आला कुठून, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, “आई धवलारीन हाये आमची.” आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या बाईला भटजीइतका मान असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या पोस्टकडे जाणारी टेलिफोनची लाइन तुटली. ती जोडायला पार्टी निघाली, सेट घेऊन अनंता बरोबर. मी खालच्या सेटवर होतो. दुपारची वेळ, आभाळ स्वच्छ.

“अल्फा टू, रास्ता कैसा है? ओव्हर.”

“रास्ता ठीक. नाला पार करके बोलूँगा. आउट.”

थोड्या वेळाने वरून गडगडाट आला. दगडी खाण फोडतात तसा. मी अल्फा टूला हाक मारत राहिलो. सुभेदारसाहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मला थांबवलं नाही. बाकीच्यांना बर्फाखालून जिवंत बाहेर काढलं. अनंताला काढलं तेव्हा सेट त्याच्या पाठीवरच होता.

पुढच्या बड्या खान्याला नवी बॅटरी आली, कॅसेट आली. मी नाचलो नाही. कोणी आग्रहही केला नाही. कंपनीत एवढी माणसं, पण मला एकटं वाटायचं, आणि ते सांगायला ज्याच्याकडे गेलो असतो तोच नव्हता.

सुट्टीवर आलो तेव्हा आंबिवलीजवळ त्याच्या गावी गेलो. आई दारात सुपात तांदूळ निवडत होती. तिने पाणी दिलं, विचारपूस केली नाही. मी निघालो तेव्हा धाकटी बहीण सुरेखा रस्त्यापर्यंत आली.

“आई गातच नाय दादा गेल्यापासून,” ती म्हणाली. “माझ्या हळदीला दुसरी धवलारीन सांगितलीय. लेकीच्या हळदीला आई गप बसनार. तुम्ही याल का? दादा बोललेला, मी गाईन नि माझा दोस्त नाचंल. ते कपडे घालून या. तुम्हाला बघून तरी ती तोंड उघडंल.”

हे ठरवताना अनंताने मला विचारलंही नव्हतं. मी येतो म्हणालो.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात तो ड्रेस घालून उभा राहिलो. पोरं फिदीफिदी हसली. बँजोवाल्यांनी विचारलं, “कुठला गाना वाजवू?” मी हाताने नको म्हटलं. सुरेखा पाटावर, अंगाला हळद. आई भिंतीला टेकून, नजर खाली. दुसरी धवलारीण अजून सुरू व्हायची होती.

मी नाचायला लागलो. गुडघा, खांदा, कंबर. शेणाने सारवलेल्या जमिनीवर माझ्या बुटांचा तेवढा आवाज. हसणं थांबलं. भर मांडवात इतका एकटा मी पोस्टवरही कधी नव्हतो.

आईने मान वर केली.

“गानं नाय, मंग नाचतंस कशाला रं?”

“गाणारा आला नाही, मावशी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सावरला आणि धवला सुरू केला. आवाज खरखरीत, सूर मात्र पक्का. दुसरी धवलारीण चुपचाप बाजूला सरकली. सुरेखाने तोंडावर हळदीचे हात धरले. चाल फार संथ होती, तरी मी माझे पाय तिच्यात बसवले.

हळदीच्या गाण्यात घरच्यांची नावं घेतात. तिने बापाचं घेतलं, मामाचं घेतलं. पुढे भावाचं होतं. तिथे ती थांबली. एक बाई हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं, पुढचा घे.”

अनंता श्वास घ्यायला थांबायचा तेव्हा मीही आहे तसाच थांबायचो; हललो तर गाणं तुटल्यासारखं दिसायचं. म्हणून आताही मी चवड्यांवर उभा राहिलो, एक गुडघा वाकवून, हात वर. पिंढऱ्या थरथरायला लागल्या. ती माझ्या पायांकडे बघत होती. मी टाच टेकवली नाही.

“अनंता,” ती गायली. सगळ्या बायकांनी ते नाव उचललं.

मी टाच टेकवली आणि नाचत राहिलो.