रणमाळाला छप्पर नाही

बनाबाईला कुणी राम राम घातला तरी ती आधी त्याच्या हातात काय आहे ते बघायची. पाहुणा जेवून गेला की ती भांडी मोजते, असं मार्गासनी गावात बोललं जाई. ते साफ खोटं होतं; ती पाहुणा जेवत असतानाच मोजायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दावणीला म्हशी होत्या, आणि सगळ्या जगावर लक्ष ठेवायचं काम तिनं बिनपगारी पत्करलं होतं.

त्यातही तिचा डोळा सगळ्यात जास्त असायचा तो रणमाळावर. वेल्ह्याच्या रस्त्याला लागून मोकळा माळ, मधेमधे उभे-आडवे दगड. राजगडाकडे निघालेली फौज जुन्या काळी इथं अडवली, पडले ते इथंच मातीआड केले, असं गाव सांगे. म्हणून तिथं कुणी नांगर घालत नसे. त्या लढाईतून जिवंत परतला तो बनाबाईच्या सासरचा मूळपुरुष. त्यामुळे सर्वपित्रीला मेलेल्यांसाठी माळावर भाताचं पान ठेवायचा मान तिच्या घराकडे. उरलेलं वर्षभर तिथं तिच्या म्हशी चरत. तिला माळ पितरांसाठी हवा की गवतासाठी, यावर गावात दोन तट होते. तिला विचारलं तर म्हणे, "पितर काय गवत खात्यात व्हय?"

१९३६च्या सुमारास भोरचे व्यापारी आनंदराव माळ बघून गेले. त्यांना इंजिनावरची भाताची गिरणी घालायची होती. माळ गावाचा, म्हणजे पंचांचा. आणि पंचांत बनाबाईचा दीर चिमाजी. त्याच आठवड्यात चिमाजीच्या कमरेला नवं धोतर दिसलं.

"भावजी, धोतर झ्याक हाय. कुणी नेसवलं?"

"वैनी, म्या इकत घेतलं."

"व्हय तर! तुमी कापड इकत घेताना गावानं अजून बगितलं न्हाई, म्हून इचारलं."

पंच हो म्हणणार, हे तिनं ओळखलं. मग एके दिवशी उजाडता उजाडता तिनं माळावरल्या सगळ्यात मोठ्या दगडाला शेंदूर फासला, दोन फुलं वाहिली आणि घरी येऊन धार काढायला बसली. दुपारपर्यंत गावभर झालं, रणमाळावर देव प्रकटला! देवाच्या अंगणात गिरणी कोण घालणार? बनाबाई सगळ्यांबरोबर पाया पडायला गेली आणि सगळ्यांपेक्षा जास्त नवल करून आली.

पण आनंदराव भोरच्या बाजारात मुरलेले. ते नारळ घेऊनच आले. दगडापुढं डोकं टेकून म्हणाले, "एवढा जागृत देव, अन् उन्हापावसात? मी देऊळ बांधतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला धर्मशाळा, पुढं चार दुकानं. गिरणीचं काय, राहील बिचारी कडेला."

गाव विरघळलं. चिमाजीनं तर पाया खणायची जागाही दाखवली, नेमकी पितरांचं पान ठेवायची.

बनाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. शेंदूर मीच लावला म्हणावं, तर गिरणी येते; गप्प बसावं, तर देऊळ, दुकानं आणि गिरणी, सगळंच येतं. आता देवानंच नको म्हटलं पाहिजे, आणि त्याला वाट एकच, देव अंगात आणायचा. ज्यांच्या अंगात येतं त्या बायांवर तर तिचा जन्मात विश्वास नव्हता. गावातल्याच ठकुबाईच्या अंगात देवी आली तेव्हा हिनंच तिच्या दंडाला बाभळीचा काटा टोचून पाहिला होता. ठकुबाई भर आरतीत "आई गं!" करून ओरडली, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

पायाचा नारळ फुटायच्या दिवशी बनाबाईनं केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली.

"छप्पर नगं मला! हितं पडल्याली माणसं उगड्यावर हायेत, म्याबी उगड्यावरच ऱ्हानार! कुदळ लावंल त्येच्या घराचा वासा मोडंल!"

लोक मागं सरले. आनंदराव हसले. "ढोंग दिसतंय," ते हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू. "पारखून बघा की कुणी."

गर्दीतून ठकुबाई पुढं आली. तिच्या हातात काटा होता. वाटेत मोडून घेतलेला की इतकी वर्षं जपलेला, ते गावाला कधी कळलं नाही. तिनं तो बनाबाईच्या दंडात खुपसला, वर जरा फिरवलाही. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. बनाबाई घुमतच राहिली. ठकुबाईनं वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं पाणी तुडुंब भरलं होतं. मग गावाकडे वळून ती म्हणाली, "खरं हाय. देवच हाय ह्यो." आणि पहिली पाया पडली.

चिमाजीनं कुदळ खाली ठेवली. आनंदरावांनी गिरणी भोरातच घातली आणि त्या दोघींचं आधीच ठरलं होतं, असं भेटेल त्याला सांगत राहिले. गावालाही तसा वास आला होता. पण स्वतःच्या घराचा वासा पणाला कोण लावणार?

माळ वाचला, पण बनाबाई अडकली. दर अमावास्येला लोक प्रश्न घेऊन दाराशी येऊ लागले आणि तिला घुमावं लागू लागलं. एकदा चिमाजीच आला.

"वैनी, देवाला इचारा, माजी कोंबडी कुणी न्हेली?"

चार नावं तिच्या जिभेवर आली. पण देवानं घेतलेलं नाव एकदा जरी खोटं ठरलं, तर पुढच्याच आठवड्यात माळावर कुदळ पडणार.

"मुंगसानं," ती डोळे मिटून घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मुंगसानं?" चिमाजीनं नारळ ठेवत सुस्कारा टाकला. "बरं झालं, बाबा. मला वाटलं, वैनीनंच न्हेली."

बनाबाईनं डोळे उघडले नाहीत. ती नुसती जास्त जोरात घुमू लागली.