मुडद्याची हाक

परवा आमच्या घरच्या मोबाइल ग्रुपवर बोंब झाली. माझ्या नातवानं पुण्याच्या मावसभावाला वाढदिवसाला लिहिलं, "साल्या, मेला नाही काय बे अजून?" तिकडची मंडळी एकेक करून ग्रुप सोडून गेली. आता सगळे मला म्हणतात, तू मोठी आहेस, तू समजाव. काय समजावू, डोंबल! फोनवर नुसती अक्षरं दिसतात, हसणारं तोंड दिसत नाही. पण तोंड समोर दिसत असतानाही हाच घोळ आमच्या घरात झाला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत माडीवर भाड्यानं राहायचो. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. पुढच्याच गल्लीत त्यांचे जिवाभावाचे दोस्त राहायचे, त्याच कारखान्यातले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. रोज सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायच्या आधी काका खालून ओरडायचे, "अबे मुडद्या, मेला काय बे? बस येऊन राहिली ना!" बाबा शर्टाची बटणं लावत खिडकीतून उत्तर द्यायचे, "तुले पोचवूनच मरीन, साल्या!" हाच त्यांचा रामराम. आई पुण्याची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ही हाक आली की ती कपाळाला हात लावायची. सकाळी सकाळी मरणाच्या गोष्टी कशाला, म्हणायची.

कारखान्यातल्या त्यांच्या टोळक्यात शिवी बंद होणं ही मोठी शिक्षा होती. संपाच्या वेळी एकानं गुपचूप साहेबाला नावं सांगितली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याच्याशी "या, बसा, कसे आहात तुम्ही" असं बोलायला लागले. भांडण नाही, मारामारी नाही. तो बसमध्ये एकटा बसायला लागला आणि शेवटी नोकरीच सोडून गेला. बाबांनी हे घरी हसत हसत सांगितलं होतं.

मग एका सकाळी खालून हाक आली आणि वरून उत्तर गेलं नाही. बाबा मोरीच्या दारात पडले होते. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, वाचा गेली होती.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यांना बोलतं करा. यांनी मनानं हाय खाल्ली तर पुढे गिळणंही बंद होईल. आई मान डोलावत होती. मी नुसती ऐकत होते. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. पेज भरवायची, चादर बदलायची, कॉलेजला जाऊन यायची. शेजारणी म्हणायच्या, पोरगी खंबीर आहे बाप्पा! कसली खंबीर? बधिर झाले होते.

घरी आणलं त्याच संध्याकाळी काका आले. दारातूनच म्हणाले, "अबे मुडद्या, मेला नाही काय अजून?" बाबांचा डावा ओठ हलला. मी पाहिला. आईनं पाहिला नाही, ती ताडकन उठली होती.

"भावजी, पुरे! माणूस कसा पडलाय दिसत नाही? या घरात यायचं तर माणसासारखं बोला."

काकांचं तोंड एवढंसं झालं. "बरं वहिनी," म्हणाले.

पुढच्या वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्चीच्या टोकाला बसले. "कसं काय, बरे आहात ना? आराम करा तुम्ही," म्हणाले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, मग हळूहळू तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या रात्रीपासून दात घट्ट मिटले. चमच्यानं घातलेली पेज हनुवटीवरून गळ्यावर ओघळायची आणि मी पुसायची. काका येत राहिले, "तुम्ही" म्हणत राहिले, आणि बाबा वाळत गेले.

शेवटी मी आईला म्हटलं, "बाबांना वाटून राहिलं की आपल्याला टाकलं."

"आदरानं बोलल्यावर कोणाला असं वाटतं का?"

"तुझ्या पुण्यात वाटत नसेल! इथं वाटतं!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालची घरमालकीण बाहेर आली. "संपातल्या त्या माणसाचं काय झालं, विसरलीस?"

आई उठली. चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग. काका ओट्यावर बसले होते. आई उभ्या उभ्याच म्हणाली, "भावजी, घरी चला. पूर्वीसारखं बोला त्यांच्याशी."

काका ओट्यावरून उठले नाहीत. "त्या दिवशी पण मीच बोललो ना वहिनी, मेला काय बे म्हणून. अन् तो वरती पडून होता. आता माह्या तोंडातून नाही निघत."

म्हणजे ते आईला घाबरून गप्प नव्हते. मला वाटलं, आता संपलं सगळं.

तरी आईनं त्यांना आणलंच. काका पलंगाशी उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं. डोळ्यांत पाणी आलं. बाबा भिंतीकडेच बघत होते. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून, पदराचं टोक मुठीत धरून, आमची आई खणखणीत आवाजात म्हणाली,

"अहो मुडद्या! मेलात की काय? बस आली ना!"

बाप्पा! मग बाबांच्या घशातून घरघर आली. मला वाटलं ठसका लागला, मी पाणी आणायला धावले. ठसका नव्हता, ते हसत होते. काका पलंगावर धपकन बसले आणि हुंदके देत म्हणाले, "वहिनीले पण बिघडवलं ना बे, साल्या!" बाबांचं तोंड वाकडंतिकडं झालं, आणि कितीतरी वेळानं त्यातून एक शब्द बाहेर पडला. "बे."

त्या रात्री त्यांनी वाटीभर पेज खाल्ली.

त्यानंतर बाबा काही वर्षं जगले. फार बोलले नाहीत, पण काका रोज खालून हाक मारायचे आणि बाबा डाव्या हातानं पलंगाची दांडी वाजवायचे.

बाबा गेले तेव्हा पुण्याहून मामा आले होते. मी कोरडीच होते, फुलं आणा, तांब्या आणा, एवढंच करत होते. काका गल्लीत उभे होते, वर यायला तयार नव्हते. बाबांना खाली न्यायची वेळ झाली तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघून हाक मारली, "अबे मुडद्या, चाल ना बे! बस येऊन राहिली ना!"

मामा चिडून उठले. "ही काय भाषा? कोण आहे हा माणूस?"

आई बाबांच्या उशाशी बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

"बस खाली, दादा," ती म्हणाली. "आमच्याकडे अशीच हाक मारतात."