मिशीखालचा ओठ

मामाचं सलून चौकातून जरा आत होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशापुढे मामा आणि मामाच्याही पुढे त्याची मिशी. जाड, झुपकेदार, टोकांना पीळ दिलेली. गिऱ्हाइकं त्याला सरदार म्हणत. दिवसभर दुसऱ्यांच्या मिशा छाटणारा हा माणूस स्वतःच्या मिशीला मात्र कात्रीचं टोक तेवढं दाखवायचा.

त्या मिशीखाली काय आहे हे आळीत दोनच माणसांना ठाऊक होतं: थोरली बहीण आणि वारलेली बायको. मामा जन्मला तोच वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. डॉक्टरांनी तो शिवला, पण व्रण राहिला आणि ओठ एका बाजूला ओढलेलाच राहिला. शाळेत पोरं ‘फाटक्या’ म्हणून हाक मारायची. मिसरूड फुटलं, मिशी दाटली, तसा फाटक्या संपला आणि सरदार सुरू झाला.

बहिणीची मुलगी चिमी सिनेमाचं शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तिला मामाचं सलून हवं होतं. बेत साधा होता. फिल्ममधला बाप दाढी करायला येणार, मामाचे नुसते हात दिसणार. मामा एका पायावर तयार झाला. पोरीचे पहिले केस त्यानंच कापले होते, तिला नाही कसं म्हणणार?

मग प्लॅन बदलला. बापाचं काम करणारा नट दुसरीकडे चांगली संधी मिळाली म्हणून अर्ध्यातून पळाला. चिमी धावत सलूनमध्ये आली.

“मामा, मागून तू अगदी त्याच्यासारखा दिसतोस. राहिलेलं काम तू कर. फक्त मिशी काढ, त्याला मिशी नव्हती आणि तुझे पीळ मागूनही दिसतात.”

“मुंडकं माग, देतो. मिशी नाही.”

तिनं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामानं शटर खाली ओढलं आणि ओठाची गोष्ट सांगितली. सगळी, फाटक्यासकट. चिमीनं त्याचा हात घट्ट धरला.

“ओठ कुठेही दिसणार नाही, मामा. पाठमोरा ठेवीन, नाहीतर तोंडापुढे कप. तुझी शपथ.”

मामा विरघळला. मामेच ते, विरघळण्यासाठीच असतात.

मिशी काढायच्या दिवशी ती कॅमेरा घेऊन आली. “उजेड तपासतेय फक्त. तू तुझं चालू दे.” मामानं साबण फासला, वस्तरा फिरवला, तोंड पुसलं आणि आरशात पाहिलं. समोर तोच शाळेतला पोरगा.

“आलास का रे परत?” मामा हळूच म्हणाला, आणि तिथेच रडला.

चिमीनं पाणी आणून दिलं. कॅमेरा बंद करायचं तिला सुचलं नाही. खरंच सुचलं नाही की काय, ते तिचं तिला ठाऊक.

पुढे मामा सर्दीचं निमित्त सांगून रुमाल बांधून केस कापत राहिला. एक दिवस पाठमोरं शूटिंगही झालं. मग शूटिंगला घर देणाऱ्यानं ऐनवेळी हात वर केले, प्लॅन पुन्हा बदलला म्हणे, आणि चिमीचे फोन बंद झाले.

फिल्म दाखवायच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बहिणीशेजारी बसला. मिशी अजून अर्धवटच उगवली होती, म्हणून तोंडाला रुमाल होताच. चिमीनं आळीलाही बोलावलं होतं. पुढच्या रांगेत त्याचं रोजचं गिऱ्हाईक, औषधवाला, बसला होता. अंधार झाला. पडद्यावर ना बाप, ना घर. मामाचं सलून, मामाचा आरसा, आणि मग दरवाजाएवढा मोठा मामाचा ओठ. “आलास का रे परत?” सगळ्या हॉलनं ऐकलं. औषधवाल्यानं मागे वळून पाहिलं आणि चटकन मान फिरवली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं? अख्खी आळी ज्याच्या वस्तऱ्याखाली डोळे मिटून गळा ठेवते, त्याचाच घरच्या पोरीनं कापला. बहिणीनं त्याच्या हातावर हात ठेवला, तो त्यानं बाजूला केला. टाळ्या पडल्या, थांबेचनात. मामा उठून बाहेर आला.

चिमी मागोमाग धावली. “मामा, लोक रडले रे! हातात काहीच उरलं नव्हतं, वर्ष वाया गेलं असतं. तुझ्यामुळे वाचले मी.” त्याच्या तोंडावर अजून रुमाल होता. “आता तरी काढ ना तो. आता काय लपवायचं?”

मामानं रुमाल काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?”

मामानं खरंच विचार केला.

“नाही,” तो म्हणाला. “म्हणून तर विचारायचं होतंस.”