कोपरावरून माणूस ओळखणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलं असेल, यावर माझा काडीचा विश्वास नाही. ते थेट कोपराकडे बघायचे. मोडलेली कोपरं जोडणारे लहान मुलांचे सर्जन म्हणून त्यांची इथे इंग्लंडात हयात गेली. गणपतीच्या हॉलमध्ये एखादा ताडमाड तरुण पाया पडायला वाकला, की त्याचं कोपर चाचपून ओरडायचे, "अरे, हा तर ट्रॅम्पोलिनवरून पडलेला आपला पेशंट!" स्वतःच्या भाच्यांची नावं मात्र खुशाल विसरायचे. शिवाय दिसेल त्या पोराशी दगड-कागद-कात्री खेळायचे आणि दरवेळी हरायचे. म्हातारा चळला, असं मी बायकोला खासगीत म्हणायचो.

मग आमची लेक सई शाळेत मंकी बार्सवरून, म्हणजे लोंबकळायच्या दांड्यांवरून पडली आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. मामांच्याच हॉस्पिटलात नेली, तर ती विव्हळतेय आणि मामा तिच्याशी दगड-कागद-कात्री खेळतायत! माझं डोकंच फिरलं. मूठ झाली, पंजा झाला, कात्री झाली. "आता ओके कर बघू." अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल काही होईना. मामांचा चेहरा उतरला. "नस दुखावलीय," ते म्हणाले. तेव्हा कुठे मला उमगलं, की इतकी वर्षं हा माणूस खेळत नव्हता, मुलांच्या नसा तपासत होता.

"तुम्हीच करा ना ऑपरेशन!" मी अक्षरशः विनवलं.

"घरच्या पोरीवर हात चालत नाही, जावईबापू."

त्यांच्या सहकारी बाईंनी हाड जागेवर बसवून बारीक तारा घातल्या. बाहेर मामा हातातला चहा गार करत बसून राहिले. पुढे तारा निघाल्या, प्लास्टरही गेलं, पण गोल होईना. मामा दर रविवारी आमच्या घरी मिल्टन कीन्सला यायचे, हरायचे आणि म्हणायचे, "नाही जमलं? असू दे. पुढच्या रविवारी बघू." एका रविवारी जमलं. मामा किचनमध्ये जाऊन उगाचच नळ सोडून उभे राहिले.

आता मामांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. सई केंब्रिजला शिकते, मामांच्या घराजवळच, आणि रविवार चुकवत नाही. परवा मीही गेलो होतो. तिने त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला. "मामाआजोबा, दगड करा." कशीबशी मूठ झाली. कात्री काही होईना. मामांनी डोळे मिटून घेतले. मला तर तिथे बसवेना.

"नाही जमलं? असू दे," सई म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."

मामांनी डोळे उघडले. तिने बाह्या वर सारल्या होत्या, कोपर समोरच होतं. पण ते तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.