विमानाचं पुढचं चाक

विमान आमच्या घरी पिशवीतून आलं. मामा राळेगावहून एसटीनं आला, आणि ओसरीवर बसल्यावरही त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. आईनं पाणी दिलं तेही एका हातानं प्याला. मग दुपट्टा अंथरला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू त्यावर ठेवली आणि आत तान्हं मूल असल्यासारखा कागद हळूहळू सोडवला.

आत विमान होतं. वीतभराहून थोडं लांब, धातूचं, पांढरं, शेपटीला लाल रंग, पोटाखाली चाकं. अंगावर इंग्रजी अक्षरं होती. ती वाचायला मामा पुढे वाकला आणि न वाचताच मागे सरकला.

"घ्या भाऊजी," तो बाबांना म्हणाला. "पोरगा विमानतळावर हाये का नाई, पाहून घ्या आता."

पोरगा म्हणजे ज्याचं स्थळ मामानं माझ्यासाठी आणलं होतं तो. आदल्या आठवड्यात तो मला पाहायला येऊन गेला होता. नागपूरच्या विमानतळावर सामान वाहायच्या गाडीवर आहे, असं मामानं सांगितलं होतं. बाबांचा विश्वास बसला नव्हता, म्हणून पुरावा आला होता. त्याच्या साहेबांनी त्याला दिलेलं विमान.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून लोक कापूस घरातच भरून ठेवत. आमच्या मधल्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. आम्ही स्वयंपाकघरात झोपायचो आणि घरादाराच्या अंगाला खाज सुटलेली असायची. कापूसवाल्याच्या घरी मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं, कापूसवाले स्वतःसुद्धा नाही. मग शेतीवर असलेल्या मुलाला घरचे लोक स्थळ बघताना एकदम नोकरीवाला करून टाकत. माझ्या काकाच्या मुलीला सूतगिरणीतला नवरा मिळाला. लग्नानंतर कळलं की गिरणी कधीचीच बंद पडली आहे. जावई रोज डबा घेऊन निघायचा, बसस्टँडवर बसून जेवायचा आणि गिरणी सुटायच्या वेळेला थकून घरी यायचा. तेव्हापासून बाबा कोणाच्याही नोकरीचं नाव निघालं की आधी "डबा कुठी खाते?" असं विचारत.

मुलाच्या कामाच्या ठिकाणी जाऊन सरळ चौकशी करावी, तर आमच्याकडे तसं कोणी करत नाही. सोयऱ्यावर अविश्वास दाखवला असा त्याचा अर्थ होतो आणि पुढे पिढ्यानपिढ्या पंगतीत तो विषय निघतो. म्हणून लोक आडून पाहतात. घर पाहतात, बैल पाहतात, म्हातारीच्या अंगावरचं लुगडं पाहतात. बाबांना पाहायला विमान मिळालं.

आणि पाहणं हे बाबांचं खास काम होतं. खरेदी केंद्रावर नेण्याआधी गावातले लोक आपला कापूस त्यांना दाखवायचे. बाबा चिमूटभर कापूस घेऊन बोटांत ओढायचे, धाग्याची लांबी पाहायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे, हा सुपर, हा फेअर, ही किडकी कवडी. केंद्रावरचा ग्रेडर मात्र बैलबंडीत हात खुपसून त्यांच्याच कापसाला दरवर्षी फेअर म्हणायचा. त्यामुळे घरी आलेल्या कोणत्याही वस्तूला बाबा सहसा सुपर म्हणत नसत.

मला तो मुलगा पसंत होता. त्याचं कारण मी कोणाला सांगू शकत नव्हते, कारण ते कारण म्हणून कोणाला पटलं नसतं. पाहायला आला तेव्हा त्याच्या चहात कापसाचा तंतू पडला होता. आमच्या घरात तेव्हा सगळ्यातच पडायचा. त्यानं तो बोटानं काढला, इकडे तिकडे पाहिलं आणि कोणाला दिसू नये असा आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला. समोरच अंगण होतं, तिथे टाकता आला असता. मग उरलेला चहा प्याला. मी हे दाराआडून पाहिलं. एवढंच.

बाबांनी विमान उचललं. आधी वास घेतला. मग तळहातावर तोललं, नखानं टिचकी मारली आणि कानाजवळ नेलं.

"वजन हाये," ते म्हणाले.

"मंग! जत्रेतलं नाई ते."

"ओल नाई धरली."

"लोखंडाले कायची ओल, भाऊजी?"

बाबा ओसरीवरून उठले. ते विमान घेऊन अंगणात गेले. दुपारी आमच्या गावावरून नागपूरच्या बाजूला एक विमान उंचावरून जायचं. बाबा त्याची वाट पाहत उन्हात उभे राहिले. मामाही उभा राहिला. वरून ते दिसायला लागल्यावर बाबांनी एक डोळा मिटला, हात लांब करून हातातलं विमान डोक्यावर धरलं आणि ते वरच्याच्या बाजूनं हळूहळू सरकवत गेले.

"मोठं हाये," ते म्हणाले.

"काय मोठं हाये?"

"हे. वरचं नखाएवढं हाये, हे वीतभर. पोरगा वाढवून सांगते."

"भाऊजी, ते दूर हाये न!"

"दूर हाये, मान्य. मंग चाकं कुठी गेली? दूर गेल्यानं चाकं गळतेत काय?"

मामानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. खरोखरच वरच्या विमानाला चाकं दिसत नव्हती.

"आत घेत असन," तो जरा कमी आवाजात म्हणाला.

"आत? बंडी चालली असताना तू चाकं बंडीत ठेवतं काय बे?"

आई ओसरीवर तूर निवडत होती. ती म्हणाली, "मंग ते उतरते कशावर? पोटावर?"

"ते त्यायचं त्यायले माहीत," बाबा म्हणाले. मग घरात जाऊन त्यांनी कृषी केंद्रानं दिलेलं कॅलेंडर भिंतीवरून काढून आणलं. त्यावर हिरव्या शेतावरून उडणारं एक विमान होतं. त्यालाही चाकं नव्हती. आता बाबांकडे दोन साक्षीदार झाले, एक आकाशातला आणि एक छापलेला.

"माल चांगला हाये," त्यांनी निकाल दिला. "पन चाकं खोटी. चाकं मागून लावली हाये. ज्यानं चाक खोटं लावलं, तो नोकरीबी खोटीच सांगन."

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ती तव्यावर करपून गेली तरी मला वास आला नाही.

मामानं हार मानली नाही. तो म्हणाला, लोखंडाचं काम लोखंडवाल्याला दाखवू. बाभुळगावचे मिस्त्रीचाचा आमच्याकडे फवारणीचा पंप दुरुस्त करायला यायचे. तालुक्यातल्या अर्ध्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या आणि बाबा त्यांचा शब्द मानत. ते दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. डोळ्यांना चष्मा लावला, हात पुसले आणि विमानाला आधी सलाम केल्यासारखा हात लावला.

"ढलाई पाहा पाटील," ते म्हणाले. "पंख न अंग, जोड कुठी दिसून नाई राह्यला. एकजान काम हाये."

मग त्यांनी पंखाखालच्या इंजिनावर फुंकर मारली. आतला बारीकसा पंखा गर्रकन फिरला. मिस्त्रीचाचांनी आमच्याकडे पाहिलं, पुन्हा फुंकर मारली, मग दुसऱ्या बाजूला मारली. थोडा वेळ ते फक्त फुंकर मारत होते.

"मिस्त्री, खेळा नोका," बाबा म्हणाले.

चाचांनी दोरा काढून दोन्ही पंखांची जमिनीपासूनची उंची मापली. उजवा पंख जरासा खाली होता. बाबा खूश झाले.

"पाह्य, कललेलं हाये."

"पाटील, नवा पंप बी डब्यातून वाकडाच निंगते. पुऱ्या दुनियेत सरळ माल तुमचाच, अन् त्याले बी तो ग्रेडर फेअर म्हन्ते."

बाबांना हे लागलं. ते म्हणाले, "चाकाचं सांगा."

"चाक बराबर हाये. खाली आल्यावर लागनच न."

"मंग चालवून दाखवा. बैल घेताना आपुन चाल पाह्यतो का नाई?"

हे सगळ्यांना पटलं, मामालासुद्धा. चाल पाहिल्याशिवाय बैल कोण घेतो? चाचांनी जेवायचा पाट मागितला. त्याच्या एका टोकाखाली तांब्या ठेवून उतार केला, विमान वर ठेवलं आणि सोडलं. विमान पाटावरून सुरेख उतरलं, शेणानं सारवलेल्या ओसरीवर सरळ धावलं, जराही इकडे तिकडे झालं नाही. "वा!" चाचा म्हणाले. मामानं मांडीवर थाप मारली. विमान तसंच धावत मधल्या खोलीच्या उंबरठ्यावर आपटलं आणि थांबलं. त्याचं पुढचं चाक मात्र थांबलं नाही. ते निघून, उंबरठ्यावरून उडी घेऊन कापसात गेलं.

पुढच्या बाजूनं विमान जमिनीला टेकलं होतं, पाणी पिणाऱ्या वासरासारखं.

मग सगळे कापसात शिरले. बाबा, मामा, मिस्त्रीचाचा, आई, सगळे. मी दारात उभी राहून आधी पाहत होते, मग मीही शिरले. आढ्यापर्यंतचा कापूस, आणि त्यात तुरीच्या दाण्याएवढं काळं चाक. हाताला काही टणक लागलं की कोणीतरी "भेटलं!" म्हणून ओरडायचं, आणि ती सरकी निघायची. कापसात सरकीशिवाय दुसरं काय असणार? आईला पाहुण्यांच्या दिवशी हरवलेला चमचा सापडला, ती तेवढ्यावर समाधानानं बाहेर आली. चाचांना त्यांचाच चष्मा सापडला, जो पडल्याचं त्यांना कळलं नव्हतं. चाक सापडलं नाही.

शेवटी पुरुष ओसरीवर येऊन बसले. मामाच्या मिशीला कापूस लागला होता आणि तो एकदम म्हातारा दिसत होता.

"आता?" मामा म्हणाला.

"आता काय," बाबा म्हणाले. "वापस करून टाक. सांग, नाई जमत. चाक तसंबी खोटंच होतं."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. पुरुषांच्या बोलण्यात मी तोपर्यंत कधी तोंड उघडलं नव्हतं. पाहुण्यांनी नाव विचारलं तेही आईनंच सांगितलं होतं. पण त्या वेळी माझा आवाज माझ्या आधीच बाहेर गेला.

"तुटलेलं वापस कसं द्याचं, बाबा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराआड झाले.

गावात बाबांची एक ख्याती होती. मागून आणलेली वस्तू ते आणली त्याहून चांगली करून परत देत. पंप धुऊन, विळा धार लावून. मोडली तर ती ठेवून घेत आणि नवी देत. शेजाऱ्यांच्या पायलीचा काठ फुटला तेव्हा त्यांनी नवी पायली दिली होती, आणि ती फुटकी आमच्याकडे अजून कोंबडीच्या दाण्याला होती.

"पोरगी बराबर बोलली," मिस्त्रीचाचा म्हणाले.

"मंग नवं आनून देऊ," बाबा म्हणाले.

"कुठून?" मामा म्हणाला. "यवतमाळच्या बाजारात विमानं भेटतेत काय, वांग्यासारखी?"

"मंग ठेवून घ्या लागते."

"विमान ठेवलं तं पोरगाबी ठेवा लागते, भाऊजी."

बाबा उठून अंगणात गेले. आकाशात तेव्हा काही नव्हतं, तरी ते बराच वेळ वर पाहत होते. मग तिथूनच, मागे न वळता म्हणाले, "सांग त्यायले. या म्हना साक्षगंधाले."

मी आत जाऊन आदल्या दिवशीच्या करपलेल्या भाकरीचा तुकडा खाल्ला. फार छान लागला.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, विमान ओसरीवर दिसायला हवं होतं, आणि तेही चाकासकट. आईनं एक सरकी घेतली, तिच्यावरचे तंतू खरडून काढले, काजळ फासलं आणि बाभळीच्या डिंकानं पुढे चिकटवली. लांबून कळत नव्हतं. पाहुणे आले, विमानाचं कौतुक झालं, ओटी भरली. फक्त तो मुलगा विमानाच्या जवळ गेला, खाली वाकला आणि पुढच्या चाकाकडे पाहतच राहिला. त्याचे कान लाल झाले. समोर बाबा उभे होते, त्यांचेही कान लाल झाले. मग दोघं उमरखेडकडच्या एसटीच्या वेळांविषयी बोलायला लागले. उमरखेडला दोघांपैकी कोणालाच जायचं नव्हतं.

नोकरी खरी होती. लग्नानंतर मी नागपूरला आले तेव्हा नवऱ्याचे कपडे मीच धुवायचे, आणि त्यांना विमानाच्या तेलाचा वास असायचा. पण तो बाबांसमोर तोंडच उघडत नसे. बाबा म्हणायचे, जावई घमेंडी आहे. एक दिवस न राहवून मी विचारलं.

"काय बोलू?" तो म्हणाला. "त्यायनं मले पह्यल्याच झटक्यात पकडलं न."

"कायले पकडलं?"

"ते पुढचं चाक. ते तुटलं म्हनूनच साहेबानं विमान फेकाले मले देलं. मंग मी जुन्या चपलेचा रबर कापून लावला. तुह्या बाबानं तो काढला अन् तेच्या जागी सरकी लावून ठेवली, सगळ्याइच्या समोर, मले दाखवाले. आमच्या घरी खोटं चालत नाई म्हनून."

म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून आढ्यापर्यंतच्या कापसात चपलेचा तुकडा शोधला होता. आणि बाबांचा निकाल, निदान चाकाबाबत, अगदी बरोबर होता.

मी हसले नाही, कारण तो फार गंभीर होता. मी त्याला खरं काय झालं ते सांगितलं नाही. बाबांनाही सांगितलं नाही. बाबांचा धाक त्याला बरा, आणि त्याची घमेंड बाबांना बरी.

पुढे बाबा एकदा नागपूरला आले. नवरा आम्हाला विमानतळाच्या भिंतीबाहेर, जिथे विमानं उतरताना डोक्यावरून जातात तिथे घेऊन गेला. एक आलं. इतकं खाली, की बाबांची टोपी हलली. पोटाखाली चाकं होती, मोठमोठी, काळी, आणि सगळ्यांना दिसत होती.

"पाह्यली काय बाबा, चाकं?" मी विचारलं.

ते भिंतीपलीकडे जाऊन दिसेनासं होईपर्यंत बाबा पाहत राहिले. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"पाह्यली," ते म्हणाले. "आताच लावलेली दिसते."

नवऱ्यानं मान खाली घातली, आणि तो आपल्या चपलांकडे पाहत उभा राहिला.